ऑक्टोबर बिग डेला सिरपूरला जाताय? मोजायचं कसं ते आधी बघा

ऑक्टोबर बिग डे, म्हणजे जगभर एकाच दिवशी पक्षी मोजून नोंदवायचा दिवस, बहुतेक ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी असतो, तर इंदूरकरांनी त्या दिवशी सकाळी साडेसहालाच सिरपूर तलाव गाठायचा, पोहे-जिलबी नंतर, कारण ऊन चढलं की पाण्यावर चमक येते आणि सगळी बदकं काळीच दिसतात. पक्ष्यांच्या नोंदी करायचं ईबर्ड अ‍ॅप घरूनच टाकून लॉगिन करून ठेवा.

आता मेन गोष्ट. थवा दिसला की एक-एक मोजत बसू नका, हलतात ना ते! आधी नीट १० पक्षी मोजा, तेवढा घोळका डोळ्यात बसवा, मग असे किती घोळके बसतात ते बघा, ६ बसले तर ६० लिहा. वारकरी (कूट) पक्ष्यांच्या थव्यांसाठी ही ट्रिक एकदम बेस्ट. नुसतं 'एक्स' (म्हणजे दिसला, पण मोजला नाही) टाकू नका, अंदाजे आकडासुद्धा त्यापेक्षा कितीतरी कामाचा.

आणि कावळा, साळुंकी, पारवा सोडायचे नाहीत हं, शेवटी अ‍ॅप "ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का" विचारतं तिथे हो म्हणायचं असेल तर सगळेच लिहावे लागतात. आमच्याकडे सगळे हळदी-कुंकू बदकावर खूश, पारव्यांकडे कोणी बघतच नाही. ओळखू आलं नाही तर ओढूनताणून नाव देऊ नका, नुसतं बदक म्हणूनही नोंदवता येतं.

वेळ कमी असेल तर १५ मिनिटं घरच्या गच्चीवरून मोजलं तरी चालतं. इंदूरजवळचा यशवंत सागर तलाव दुपारनंतर, गाडी असेल तर.