नारकंड्याला कॅराव्हॅन नेताना: मागच्या शॉवरसकट

डिसेंबर-जानेवारीत गाडीमागे कॅराव्हॅन जोडून ग्वाल्हेरहून नारकंड्याकडे निघणार असाल, तर हे आठ दिवस आधी वाचा. स्वेटर, पांघरुणं, औषधं कुणी सांगायला नकोत. मी फक्त पाण्याच्या नळ्यांबद्दल लिहिते आहे, कारण गेल्या खेपेला आम्ही सगळ्या लाइनी रिकाम्या केल्या आणि मागच्या भिंतीवरचा शॉवर विसरलो.

ग्वाल्हेरच्या थंडीवर जाऊ नका. इथे पारा 4-5 अंशांवर आला की हात गारठतात, नळ्यांना काही होत नाही. नारकंडा शिमल्याच्या पुढे साठेक किलोमीटरवर, सुमारे 2,700 मीटर उंचीवर आहे; तिथे रात्री पारा शून्याखाली उतरतो. गोठताना पाणी जवळजवळ 9 टक्के फुगतं. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब नळी फोडतो. म्हणून रात्री नळ उघडे हवेत. सगळे. मागचासुद्धा.

घरी असतानाच कॅराव्हॅनखाली आडवं होऊन सगळी लाइन बघून घ्या. टाकी, पंप, गीझर, सगळ्यात खालचे, पाणी सोडायचे दोन ड्रेन, एक गरम लाइनचा, एक गारचा. कागदावर आकृती काढून प्रत्येक नळाला आकडा द्या. आमच्या कागदावर सहा आकडे होते. सातवा म्हणजे बाहेरचा शॉवर: मागच्या भिंतीत पत्र्याचं छोटं दार, आत दोन कॉक आणि गुंडाळलेली नळी. उन्हाळ्यात मुलं तिथे पाय धुतात, एरवी ते दार कुणी उघडत नाही. पत्रा पातळ, आत ऊब पोचत नाही, त्यामुळे सगळ्यात आधी गोठतं ते तेच.

खाली उघड्यावर असलेल्या नळ्यांवर काळा फोम चढवा, एसीच्या तांब्याच्या नळीवर असतो तोच. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळतो. फोमने गोठणं लांबतं, टळत नाही. मागच्या शॉवरकडे जाणाऱ्या दोन्ही फाट्यांवर एकेक व्हॉल्व प्लंबरकडून बसवून घ्या. वर गेल्यावर काही चिरलंच, तर तेवढा फाटा व्हॉल्वने बंद करता येतो. नळ्या चिकटवायच्या सोल्युशनने सांधा जोडायची आशा धरू नका, थंडीत ते सुकायला फार वेळ घेतं.

टाकी इथून भरून नेऊ नका. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, ते ग्वाल्हेरपासून कशाला ओढायचं? सोलनच्या आसपास भरा. शिवाय 20 लिटरचा एक कॅन आत ठेवा, रात्रीचा चहा, पिणं, तोंड धुणं त्यावर.

मुक्कामाला पोचलात की ऊन असतानाच लाइन रिकामी करायला घ्या. अंधारात गारठलेल्या बोटांनी पाना धरवत नाही. पंप बंद. गीझर बंद, आणि तो गार होईपर्यंत थांबा. तापलेल्याचा ड्रेन उघडलात तर कढत पाणी अंगावर येईल. मग टाकीचा ड्रेन, खालचे दोन्ही ड्रेन, आतले सगळे नळ, फ्लशही. पंपाच्या जाळीची वाटी काढून ओता. आता बूट घालून मागे जा, दार उघडा, गरम आणि गार दोन्ही कॉक सोडा, शॉवरचं तोंड खाली लोंबू द्या. खालचे ड्रेन उघडे आहेत म्हणजे तिथलंही पाणी उतरलं असेल, असं आम्ही समजलो होतो. ते उतरत नाही. वरचे कॉक बंद असतील तर हवा शिरणार कुठून?

रात्री आम्हाला काहीच कळलं नाही. सकाळी टाकी भरली, नळ छान चालले. साडेदहाला मागच्या भिंतीवर ऊन आलं आणि एकही नळ उघडा नसताना पंप घुर्रकन सुरू झाला. थांबला, परत सुरू. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझी गादी ओली कशी लागतेय?" भिंतीच्या आतल्या सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीचा एल्बो, वळणावरचा सांधा, चिरला होता, केसाएवढी भेग. बर्फ होता तोवर त्यानेच ती बुजवून ठेवली होती. सासूबाईंना सांधेदुखी, त्या रात्री त्या गाडीच्या सीटवर बसून झोपल्या. ते मला अजून लागतं.

म्हणून सकाळी पंप लावला की सगळे नळ बंद करून कान द्या. कुठे गळत नसेल तर पंप थांबायलाच हवा. वाजत राहिला तर आधी बटण बंद, मग थेट मागे जाऊन बघा. काही गोठलेलं असेल तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने शेका, ज्योत नको.

बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी राहतंच, तिथे घट्ट मिठाचं पाणी ओता. गाडीचं कूलंट पाण्याच्या लाइनमध्ये कधीही नाही. एथिलीन ग्लायकॉल विष आहे. आणि ऊब हवी म्हणून आत शेगडी पेटवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नळी फुटली तर फुटू द्या.

निघायच्या दिवशी पुन्हा सगळं रिकामं, त्याच क्रमाने. घरी आल्यावर लाइन भरा, सांधे कोरड्या कागदाने पुसून बघा, पाणी भरल्याशिवाय गीझर लावू नका. मागच्या शॉवरचे दोन्ही कॉक उघडून धार येऊ द्या, मग बंद करा.