'इमिजिएटली' नेमकं कशाला चिकटलं? इंग्रजी मेलमधल्या या चुका टाळा

अंबडच्या एखाद्या कारखान्यातून ग्राहकाला मेल जातो: 'वी डिसायडेड इमिजिएटली टु स्टॉप द लाइन.' लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की लाइन ताबडतोब बंद करायची. वाचणाऱ्याला कळतं की निर्णय ताबडतोब झाला. लाइन कधी थांबली, हे मेलमध्ये नाहीच. मग ग्राहक विचारतो, खराब माल त्यानंतरही निघत होता का? आणि पुढचे दोन दिवस खुलाशात जातात.

वाक्य व्याकरणात चोख बसतं, म्हणूनच ही चूक हाती लागत नाही. स्पेलचेक लाल रेघ ओढत नाही आणि साहेबही घाईत वाचून 'ओके' म्हणतात. डिसाइड, ॲग्री, प्रॉमिस, प्लॅन, फेल अशा क्रियापदांपुढे 'टु' लावून दुसरं क्रियापद येतं. त्या दोघांच्या मधोमध क्रियाविशेषण ठेवलं की ते मागच्यालाही लागू शकतं आणि पुढच्यालाही.

मराठी माणूस नेमका याच जागी का जातो, तेही उघड आहे. आपण म्हणतो, 'लाइन ताबडतोब बंद करायचं ठरवलं.' मुख्य क्रियापद शेवटी. इंग्रजी करताना 'ठरवलं' तेवढं उचलून पुढे आणतो आणि बाकीचा क्रम तसाच ठेवतो: डिसायडेड, मग इमिजिएटली, मग टु स्टॉप. 'बंद करण्या'च्या आधी शब्द बसवला या समाधानात, तोच शब्द 'ठरवण्या'ला मागून चिकटलाय हे दिसत नाही.

दुरुस्ती कशी करायची

आधी मराठीत स्वतःला विचारा: ताबडतोब काय? ठरवणं की बंद करणं?

ठरवणं ताबडतोब असेल तर शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी न्या: 'वी इमिजिएटली डिसायडेड टु स्टॉप द लाइन.' बंद करणं ताबडतोब असेल तर दोन जागा उरतात. एक, वाक्याच्या शेवटी: 'वी डिसायडेड टु स्टॉप द लाइन इमिजिएटली.' वाक्य छोटं असेल तोवर हे ठीक. 'लाइन'च्या मागे शिफ्ट, मशीन, बॅच नंबर असं शेपूट लागलं की शेवटचा शब्द कशाला लागतो ते पुन्हा धूसर होतं. दुसरी जागा 'टु'च्या लगेच पुढे: 'डिसायडेड टु इमिजिएटली स्टॉप.' इथे शंकेला जागाच नाही.

खरं तर तक्रारीच्या उत्तरात क्रियाविशेषणावर विसंबूच नये. 'वी स्टॉप्ड द लाइन ॲट १०.४० ए.एम.' या वाक्यापुढे कुठलंही इमिजिएटली फिकं पडतं.

वार आणि तारीख: इथे पैसे अडकतात

लासलगावचा कांदा व्यापारी बाहेरच्या खरेदीदाराला आठवण करून देतो: 'यू प्रॉमिस्ड ऑन मंडे टु पे.' व्यापाऱ्याच्या मनात पैसे सोमवारी यायचे आहेत. वाक्य मात्र सांगतं की शब्द सोमवारी दिला होता. पैसे कधी, ते मोकळंच. इतर क्रियाविशेषणांपेक्षा वार-तारखेची ओढ मागच्या क्रियापदाकडे जास्त असते, त्यामुळे इथे अर्थ नुसता डळमळत नाही, सरळ उलटा बसतो. शब्द दिल्याचा दिवस वाक्याच्या सुरुवातीला टाका आणि पैशांचा शेवटी: 'ऑन ३ फेब्रुवारी यू प्रॉमिस्ड टु पे बाय १० फेब्रुवारी.' 'ऑन' म्हणजे त्या दिवशी आणि 'बाय' म्हणजे त्या दिवसापर्यंत, हा फरकही त्याच वाक्यात सांभाळला जातो.

'फेल्ड'जवळ जास्त सावध राहा

पिंपळगाव, दिंडोरीकडची निर्यातीची द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास न्यावी लागतात. शीतगृहात बिघाड झाला तर ही दोन वाक्यं बघा. 'द युनिट फेल्ड कम्प्लीटली टु कूल द बॉक्सेस': पेट्या मुळीच थंड झाल्या नाहीत. 'द युनिट फेल्ड टु कम्प्लीटली कूल द बॉक्सेस': थंड झाल्या, पण हव्या तितक्या नाहीत. पहिल्यात अपयश पूर्ण आहे, दुसऱ्यात थंडावा अपुरा आहे. विम्याच्या दाव्यात हा फरक लहान नाही. 'कम्प्लीटली' शेवटी टाकून सुटका होईल असं वाटतं, पण तिथे ते दोन्ही बाजूंनी वाचता येतं.

'ओन्ली'चीही हीच गत. 'वी ॲग्रीड ओन्ली टु रिप्लेस द डॅमेज्ड बॉक्सेस' म्हणजे फक्त बदलून देऊ, भरपाई वगैरे नाही. 'वी ॲग्रीड टु रिप्लेस ओन्ली द डॅमेज्ड बॉक्सेस' म्हणजे खराब पेट्याच बदलू, बाकीच्या नाही. आणि 'ओन्ली वी ॲग्रीड' म्हटलं तर कबूल झालेले फक्त आपण! ज्या शब्दावर मर्यादा घालायची, 'ओन्ली' त्याला अगदी खेटून आधी लिहा.

मधली जागा सोडूच नये असे शब्द

'नॉट' आणि 'नेव्हर' मधेच शोभतात, कारण तिथे ते पुढच्याच क्रियापदाला लागतात. 'वी डिसायडेड नॉट टु शिप' म्हणजे न पाठवण्याचा निर्णय झाला. 'वी डिड नॉट डिसाइड टु शिप' म्हणजे पाठवण्याचा निर्णय झालेलाच नाही. 'नॉट' हलवलं की गोष्टच वेगळी होते. रिलक्टंटली, पोलाइटलीसारखे शब्दही मध्ये चालतात: 'ॲग्रीड रिलक्टंटली टु पे' यात कुणी गोंधळत नाही, कारण नाखुशी होकाराचीच असते.

याउलट 'हॅव टु', 'युज्ड टु', 'गोइंग टु' या जोड्या फोडू नका. बोलताना त्या 'हॅफ्टु', 'युस्टु' अशा एकजीव उच्चारल्या जातात. 'वी हॅव ऑलवेज टु चेक' कानाला खटकतं. 'वी ऑलवेज हॅव टु चेक' म्हणा. तसंच 'वी आर प्रॉबेबली गोइंग टु'.

एक जवळची चूक: 'टु'ऐवजी साधं नाम पुढे असेल तर अशा क्रियाविशेषणाला मधली जागा सहसा बंदच असते. 'ही स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' चूक, 'ही स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली' बरोबर.

'टु' फोडलं तर मार्क जातात का?

'टु इमिजिएटली स्टॉप' असं लिहायला स्पर्धा परीक्षावाले घाबरतात, कारण 'टु' आणि क्रियापद वेगळं करू नये असं गाइडांमध्ये छापलेलं असतं. हा आक्षेप १९व्या शतकात जोर धरलेला. इंग्रज धर्मगुरू हेन्री आल्फर्ड यांनी तो १८६४ मध्ये मांडला होता. इंग्रजीने तो कधीच पूर्ण पाळला नाही. 'वी प्लॅन टु मोअर दॅन डबल द आउटपुट' यातलं 'मोअर दॅन' दुसरीकडे हलवून दाखवा, वाक्य मोडेल. (क्रियाविशेषण हलवण्याची खोड मोठ्यांनाही भोवते: २० जानेवारी २००९ ला बराक ओबामांना अध्यक्षपदाची शपथ देताना अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी 'विल फेथफुली एक्झिक्यूट' यातलं 'फेथफुली' पार शेवटी नेलं, आणि दुसऱ्या दिवशी शपथ पुन्हा द्यावी लागली.) परीक्षेत 'चूक ओळखा'ला बाकीचे पर्याय निर्दोष असतील तर हीच चूक धरा. निबंधात वाक्य फिरवून घ्या. कामाच्या मेलमध्ये मात्र अर्थ स्पष्ट होत असेल तर खुशाल फोडा.

'यू आर रिक्वेस्टेड टु काइंडली' ही वेगळीच गंमत. विनंती 'रिक्वेस्टेड'मध्ये झालीच आहे, 'काइंडली' काढून टाका. 'प्लीज सेंड' पुरतं.

पाठवण्याआधी

मजकुरात शोध घ्या: एल, वाय, मोकळी जागा, टी, ओ. ली-ने संपणारं क्रियाविशेषण आणि त्याच्या लगेच पुढचं 'टु' सगळीकडे सापडेल, 'ओन्ली टु'सुद्धा. 'रिप्लाय टु', 'अप्लाय टु', 'सप्लाय टु' हेही येतील, ते सोडून द्या. वार, तारखा, ऑलवेज, सून, वन्स या शोधात येत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक 'टु'च्या आधीचा शब्द डोळ्यांनीच तपासावा लागतो.