गवताळ प्रदेशातल्या दुष्काळाची जोखीम जोखताना या चुका टाळा

नकाशावर लाल पट्टा दिसला की 'इथे जोखीम जास्त' असं लिहून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात महागात पडणारी सवय. तो लाल रंग बहुतेक वेळा फक्त पावसाची तूट दाखवतो. तेवढीच तूट खोल मातीच्या, हलक्या चराईच्या कुरणाला सोसते. उथळ मुरमाड जमिनीवर, जनावरांची गर्दी असेल तर तीच तूट कुरण उद्ध्वस्त करते. म्हणून तुटीसोबत मातीची खोली, गवताच्या जाती आणि जनावरांची संख्या मांडल्याशिवाय जोखमीबद्दल बोलू नये.

निर्देशांक 'सर्वसाधारण' म्हणतोय आणि गवत मात्र वाळलंय? आधी कालावधी तपासा. 12 महिन्यांचा एसपीआय (नेहमीच्या तुलनेत पाऊस किती कमी-जास्त झाला ते सांगणारा निर्देशांक) जलाशय आणि भूजलासाठी ठीक. गवताची बहुतेक मुळं मातीच्या वरच्या थरात असतात, त्यामुळे वाढीच्या हंगामातला 1 ते 3 महिन्यांचा आकडा अधिक बोलका. कोरड्या ऋतूतला एक महिन्याचा एसपीआय मात्र बाजूला ठेवा. जिथे मुळात पाऊसच नसतो तिथे एखादी सरही आकडा कुठल्या कुठे नेते.

कालावधी बरोबर असूनही गणित जुळत नसेल तर तापमान बघा. 1993 साली मांडलेला एसपीआय फक्त पाऊस मोजतो. 2010 चा एसपीईआय बाष्पीभवनाची मागणीही, म्हणजे हवा किती पाणी ओढू शकते तेही, धरतो. 2012 मध्ये अमेरिकेच्या मध्य भागात उष्णतेने काही आठवड्यांतच जमिनीची ओल ओढून घेतली होती. अशा झटपट दुष्काळात नुसत्या पावसावर विसंबणारा उशिरा जागा होतो.

उपग्रहाच्या एनडीव्हीआयवर, म्हणजे हिरवळ किती ते सांगणाऱ्या आकड्यावर, तर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. विरळ गवतात त्या आकड्यात उघड्या मातीचा रंग मिसळतो. तिथे मातीची दुरुस्ती असलेला एसएव्हीआय घ्यावा. उलट, कुरणात झुडपं घुसली असतील तर चित्र हिरवंगार दिसतं आणि चारा नसतो. पट्टा शेतीखाली गेला असेल किंवा जळला असेल, तर ती वर्षं आधाररेषेतून, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या वर्षांतून, काढा. नाहीतर व्हीसीआयचा (आजची हिरवळ आजवरच्या किमान आणि कमाल हिरवळीच्या मध्ये कुठे आहे, ते 0 ते 100 मध्ये सांगणारा निर्देशांक) किमान आकडा खोटा ठरतो आणि 35 च्या खाली दुष्काळ मानण्याच्या रूढ पट्टीला अर्थ उरत नाही.

सगळ्यात अवघड चूक म्हणजे चराईचं पाप दुष्काळाच्या माथी मारणं. वरून दोन्ही सारखंच दिसतं. उपाय साधा आहे, फक्त पायपीट लागते: सारख्याच मातीवर एक कुंपण घातलेला तुकडा आणि शेजारचा चरलेला तुकडा एकाच दिवशी बघा. दोन्ही करपले असतील तर पाण्याचा प्रश्न. कुंपणाआड गवत उभं असेल तर जनावरांचा. कुंपण जुनं हवं. काल घातलेल्या कुंपणातून काही कळत नाही.

आणि गेल्या वर्षाची नोंद सोडू नका. कोरड्या वर्षात गवताचे फुटवे आणि बुडाशी असलेले कोंब घटतात, त्यामुळे पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला तरी उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी येऊ शकतं.