हॅलो लावलेलं लेकरू घरी सांभाळताना

लहान मुलांच्या हाडांच्या वॉर्डात मी सिस्टर आहे. मानेच्या ऑपरेशननंतर घरी निघताना डोक्याभोवतीची ती रिंग बघून आईबापांच्या पोटात गोळा येतो. हाच हॅलो: मान हलू नये म्हणून कवटीला पिनांनी बसवलेली रिंग, दांड्यांनी अंगातल्या जॅकेटला जोडलेली. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सात-आठ वर्षांखालच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, त्यामुळे इजा बहुधा मानेच्या अगदी वरच्या मणक्यांना होते. पहिला-दुसरा मणका प्लेट आणि स्क्रूने जखडायची पद्धत आपल्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधून डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये जगापुढे मांडली. पण मणके फारच चिमुकले असले की स्क्रूची पकड पुरेशी नसते. मग हाड जुळेपर्यंत, साधारण दोन-तीन महिने, हॅलो लागतो. मोठ्यांना चार पिना पुरतात. लहानग्यांची कवटी पातळ, म्हणून आठ-दहा पिना लावून त्या हलक्या आवळतात. पिना जास्त दिसल्या म्हणून घाबरू नका.

दांड्यांना धरून लेकराला कधीही उचलू नका. एक हात बुडाखाली, दुसरा जॅकेटवरून पाठीला. आजी-आजोबांना आणि भेटायला येणाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

पिना रोज, डॉक्टरांनी सांगितलं तितक्या वेळा पुसा. हात साबणाने धुवा, सलाईनमध्ये भिजवलेली कापसाची काडी पिनेच्या बुडाशी हळूच फिरवा आणि टाकून द्या. पुढच्या पिनेला नवी काडी. हे खरंच पाळा. एका पिनेचा जंतू दुसरीला असाच जातो. खपली भिजू द्या, नखाने खरवडू नका. हळद, तेल, पावडर काही नको.

पू, वाढती लाली, ताप, पिनेपाशी दुखणं किंवा ‘टक’ असा आवाज आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सैल पिन घरी आवळू नका. हातापायांतली ताकद कमी वाटली, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर क्षणभरही थांबू नका. जॅकेटच्या पुढे चिकटवलेला पाना तिथेच राहू द्या. जीव वाचवायची वेळ आली तर त्यानेच जॅकेट उघडतात.

आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. जॅकेटचं अस्तर ओलं होऊ देऊ नका. शर्ट पुढून बटणांचा, दोन मापं मोठा.

जेवताना मूल खाली बघू शकत नाही. ताट उंच स्टुलावर ठेवा, सरळ बसवा, वरणभाताचे छोटे घास द्या आणि पहिला गिळल्यावरच दुसरा.