शेतावर भागवायचंय? आधी घरातले डबे मोजा

नोकरी सोडून गावाकडं येतो आणि शेतातलंच खातो म्हणणारे हल्ली लई भेटतात, पहिला प्रश्न ठरलेला, किती एकर लागंल? मी म्हणतो आधी वही घ्या आणि वर्षात घरात काय किती संपतं ते लिहा, डबे कोण भरतं त्यालाच विचारून.

तेलाचंच बघा. पाच माणसांना महिन्याला ३ लिटर, वर्षाला ३६. घाण्यावर लिटरला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे जातात, म्हणजे ९० किलो दाणे, आणि किलोभर शेंगा फोडल्या की ७०० ग्रॅमच दाणे निघतात, म्हणून शेंगा धरा १३० किलो. गुंठ्याला २० किलो शेंगा धरल्या तर ७ गुंठे झाले, पण बियाणं, चटणी आणि दगा देणारा पाऊस धरून १० गुंठे करा. पेंड म्हशीला होते. भात, शाळू, तूर सगळ्याचं असंच मांडा.

कोल्हापूरच्या पंचगंगेकाठच्या मळीत, म्हणजे पुराचं पाणी येणाऱ्या गाळाच्या रानात, खायचं पीक घेऊ नका. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा, उसाचा शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस वाचतो तरी, भुईमूग कुजतोच. मळीला ऊस आणि वैरण, धान्य मात्र वरच्या रानात.

म्हशी दोन ठेवा, एक भाकड असताना दुसरी दुधात पायजे. गोबर गॅसची मात्र घाई नको, पाच जणांच्या स्वयंपाकाला २ घनमीटरचा लागतो आणि त्याला रोज ५० किलो शेण, दोन म्हशींत ते होत नाही, सिलेंडर राहू द्या.

आणि सगळा ऊस काढून टाकायचं मनात पण आणू नका. मीठ, लाईट बिल, पोरांची फी, दवाखाना हे शेतात उगवत नाही. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला ऊस तुटायला १६ ते १८ महिने जातात, म्हणून दोन तुकडे करा, एकात लागण म्हणजे नवीन लावलेला, एकात खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला, मग दरवर्षी बिल हातात येतं.

नवीन जमीन घेणार असाल तर आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, आणि सातबारा बघताना शेतकऱ्यांना पाणी वाटणाऱ्या पाणी संस्थेत त्या रानाची पाणी घ्यायची पाळी आहे का ते पण विचारा, पाण्याशिवाय वरची सगळी गणितं वाया.

बियाणाच्या शेंगा पेरणीपर्यंत फोडू नका, आधीच फोडलेला दाणा नीट उगवत नाही.