पोटातल्या महाधमनीला मार लागला, स्टेंट टाकायचाय? या चुका टाळा

पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर गाडी धडकते, पेशंट शुद्धीत येतो, बेंबीखाली सीट बेल्टचा आडवा वळ असतो आणि कॅज्युअल्टीतली सोनोग्राफी 'नॉर्मल' निघते. इथेच फसगत होते. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, पोटात आतड्यांमागे, मणक्याला टेकून असते. तिची चीर या झटपट सोनोग्राफीत सहसा सापडत नाही. वळ, मोडलेला कमरेचा मणका किंवा जांघेत मंद लागणारी नाडी, यांपैकी काहीही असेल तर सीटी अँजिओच (शिरेत डाय सोडून काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी) करा, 1 मिमीच्या कापांनी.

चीर दिसली की लगेच स्टेंट (रक्तवाहिनीत आतून बसवायची धातूची जाळी), असंही नाही. फक्त आतलं अस्तर थोडं सुटलं असेल आणि रक्तप्रवाह अडत नसेल, तर प्रेशर आटोक्यात ठेवून काही दिवसांनी पुन्हा सीटी करणं बहुतेकदा पुरतं. भिंतीबाहेर फुगा आला असेल तर मात्र कापड चढवलेला स्टेंट, म्हणजे स्टेंट ग्राफ्ट लागतो.

सगळ्यात महागात पडते ती मापाची चूक. रक्त गेलेल्या पेशंटची महाधमनी आकसते. प्रेशर 80 असताना 16 मिमी दिसलेली नळी रक्त चढवल्यावर 18 ची होऊ शकते. 16 वर दहा टक्के वाढवून 18 चा ग्राफ्ट टाकलात, की तो नंतर सैल पडतो आणि कडेने रक्त झिरपतं. घाबरून फार मोठा घेतलात तर त्याला चुण्या पडतात. प्रेशर सावरल्यावर पुन्हा मोजा. काही कंपन्या आतल्या कडेचं माप धरतात, काही बाहेरच्या; ग्राफ्टची पुस्तिका उघडून बघा. वर-खाली निदान 15 मिमी निरोगी भिंत हवी आणि किडनीच्या रोहिण्यांची तोंडं मोकळी राहायला हवीत. तरुण पेशंटची नळी बारीक असते. महाधमनी फुगण्याच्या नेहमीच्या आजारासाठी ठेवलेले साइज तिथे बसत नाहीत, म्हणून बारीक साइज आधीच मागवा.

आतडं फाटलं असेल तर ग्राफ्टला जंतुसंसर्गाची भीती असते. त्याचं नियोजन पोटाच्या सर्जनसोबत बसूनच करा. डोक्यात रक्तस्राव असेल तर हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) नेहमीचा डोस सवयीने देऊ नका. काम संपल्यावर पायांच्या नाड्या तासातासाला तपासा.

घरच्यांसाठी एकच: 'हृदयातला स्टेंट' आणि हा एक नाही, तो 3-4 मिमीचा असतो. डिस्चार्जच्या कागदावर ग्राफ्टचा स्टिकर चिकटवलाय का ते बघा. पुढच्या सीटीला आणि एमआरआयला तोच मागतात.