खिडकी बंद करून कूलर लावू नका: लू चालू असताना घरात होणाऱ्या चुका

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी अडीच वाजता मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मावशीकडे डबा घेऊन गेले. मावशी ७८ वर्षांची, एकटी राहते, खोलीच्या डोक्यावर थेट गच्ची. कूलर पूर्ण जोरात चालू होता, टाकीत पाणी होतं, आणि तरी दार उघडताच अंगावर ओलसर वाफ आली. न्हाणीघरात कुणी नुकतंच कढत पाण्याने आंघोळ करून गेलं असावं, तशी. चादर दमट, उशी दमट, मावशी घामाने निथळत पडलेली. “कूलर बिघडलाय गं, मिस्त्रीला बोलाव,” म्हणाली. कूलर ठणठणीत होता. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम कोरडा वारा, आत येऊ नये म्हणून तिने सगळ्या खिडक्यांना कड्या घातल्या होत्या, एवढंच. कूलरच्या समोरची खिडकी मी चार बोटं उघडली आणि पंधरा मिनिटांत ती उठून बसली, पाणी मागितलं.

ही चूक मी ग्वाल्हेरमध्ये घरोघरी बघते. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

कूलर चालू आहे, पण खोली चिकट

कूलरमध्ये थंडी तयार करणारं यंत्र नसतं. बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या घासातून, म्हणजे बाजूच्या जाळ्यांत भरलेल्या गवतासारख्या थरातून, ओढली जाते, घासातलं पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे मे महिन्यातली दुपारची हवा अगदी कोरडी, म्हणूनच इथे कूलर इतका चांगला चालतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या स्थितीतला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. पण ती हवा पाणी पिऊन आलेली असते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर ती खोलीत साठत जाते, अंगावरचा घाम वाळेनासा होतो आणि कूलरच्या पंख्यालाही भरलेल्या खोलीत आणखी हवा ढकलता येत नाही. लोक मग स्पीड वाढवतात. खोली आणखी दमट होते.

तेव्हा कूलरची पाठ बाहेरच्या हवेला हवी आणि त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. किती उघडं, हे उदबत्ती सांगते. कूलर चालू करून पेटलेली उदबत्ती त्या फटीजवळ धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला तर बरोबर. तिथेच घुटमळला तर अजून दोन बोटं उघडा. धूर आत यायला लागला तर फट जास्त झाली, किंवा वाऱ्याची दिशा उलटी आहे, दुसरी खिडकी निवडा. खोलीतून हवा सतत बाहेर जात असली की त्या फटीतून लू आत येत नाही. मावशीला हे पटायला दोन दिवस लागले, पण आता ती स्वतः शेजारच्या काकूंना उदबत्ती लावून दाखवते.

यातूनच एक फायदा काढता येतो. बाहेरची खिडकी कूलरच्या खोलीत न उघडता आतल्या खोलीत उघडा आणि मधलं दार उघडं ठेवा. गार हवा दोन्ही खोल्यांतून जाते. खोलीच्या मधोमध ठेवलेले छोटे चाकांचे कूलर मात्र तीच हवा फिरवत बसतात. त्यांनाही खिडकीशी नेऊन पाठ बाहेर करून ठेवा.

हवा जोरात येते, पण गार नाही

इथे दोष बहुतेक वेळा घासात असतो. आधी प्लग काढा, मगच बाजूची जाळी उतरवा आणि घास उजेडाकडे धरून बघा. ओला भाग गडद दिसतो आणि मध्ये कुठेतरी फिक्या रंगाचा कोरडा पट्टा वरून खाली गेलेला असतो. त्या पट्ट्यातून बाहेरची हवा तशीच्या तशी आत येते. पट्ट्याच्या बरोबर वर, पाणी वाटणाऱ्या पन्हळीचं भोक क्षारांनी बुजलेलं सापडेल. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे हे महिन्याभरात होतं. दाभणाने किंवा टूथपिकने प्रत्येक भोक मोकळं करा, पंपाची जाळी धुवा. पाणी उडतं पण क्षार टाकीतच राहतात आणि रोज दाट होत जातात, म्हणून नुसती वरून भर घालत राहणं हीदेखील चूकच आहे. दर आठवड्याला तळाचं सगळं पाणी सोडून द्या. तिघरा धरणाचं पाणी खाली जाऊन नळ एक दिवसाआड येऊ लागले की हे जिवावर येतं, मला कळतं. ते पाणी संडासात वापरा, वाया जात नाही.

जुना घास खाली बसतो आणि जाळीच्या वरच्या टोकाला बोटभर मोकळी जागा राहते. बाहेरून ती दिसत नाही. घास दर उन्हाळ्यात नवा घाला आणि वरपर्यंत नीट, पण हलक्या हाताने भरा. कोंबून भरला तर हवाच जात नाही. सुरू करताना आधी दहा मिनिटं नुसता पंप चालवा, घास भिजू द्या, मग पंखा.

टाकीत बर्फ घालण्याबद्दल मला दरवर्षी विचारतात. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सुमारे सातपट एक लिटर पाणी उडताना घेतं. बर्फाने दहा मिनिटं बरं वाटतं, आणि त्यासाठी फ्रीज दिवसभर घरातच उष्णता फेकत राहतो. तो बर्फ सरबतात घाला. पाण्यात मीठ टाकायचा सल्लाही फिरत असतो. मिठाने पत्रा आणि पंप गंजतात, दुसरं काही होत नाही.

माशांसारखा वास येऊ लागला तर घास कुजतोय. अत्तर टाकू नका, टाकी रिकामी करून घास कडक उन्हात वाळवा, तरीही वास राहिला तर बदला. टाकी नुसती रिकामी न करता आतून ब्रशने घासायचीही असते. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर पत्र्याला चिकटतात, कोरडी झाली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी भरलं की फुटतात. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याचा नेम.

करंट

हे मी कळकळीने सांगते आहे. पत्र्याचा कूलर, खाली सांडलेलं पाणी, अनवाणी मूल आणि दोन पिनांचा प्लग. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात आणि बहुतेक वेळा ती चालू कूलरमध्ये पाइपने पाणी भरत असतात. पाणी भरताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, कारण वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही आत करंट असतो. तीन पिनांचाच प्लग लावा आणि अर्थिंग खरंच जोडलेलं आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. शक्य असेल तर बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळू लागताच तो डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतो. पत्र्याला हात लावल्यावर जरा जरी चुणचुणलं, तर त्या दिवशी कूलर बंद. “थोडंसंच लागतं” म्हणून चालवू नका.

कूलर नसलेल्या खोल्या

तिथे नियम उलटा. सकाळी आठ-साडेआठला, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होण्याआधी, दारं-खिडक्या लावा आणि बाहेर आतल्यापेक्षा गार झाल्यावरच उघडा. मे अखेरीस, नौतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हे रात्री नऊपर्यंतही होत नाही. पाच वाजले, ऊन उतरलं म्हणून सवयीने खिडक्या उघडणं म्हणजे दिवसभर जपलेला गारवा घालवणं. आत-बाहेर एकेक साधा थर्मामीटर टांगा, अंदाज करावा लागत नाही.

पडदा काचेच्या आत लावला तर ऊन आधीच आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. ऊन काचेच्या बाहेर अडवा. बांबूची चिक, जुनी सतरंजी, काहीही चालेल. आजीच्या वेळी पश्चिमेच्या दारावर वाळ्याची ताटी असायची आणि तिच्यावर पाणी शिंपडायचं काम आम्हा मुलांकडे असायचं. ताटी लू येते त्या बाजूलाच लावायची, कारण वारा तिच्यातून आरपार गेला तरच ती काम करते. बंद खोलीत दोरीवर ओली चादर वाळत घालून तो गारवा मिळत नाही, फक्त दमटपणा मिळतो.

छताचा पंखा हवा गार करत नाही, फिरवतो. खोलीच ४० अंशांच्या वर तापली असेल तर पंखा अंगावर गरम हवा मारून शरीर आणखी तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे. अशा वेळी खालच्या मजल्यावर किंवा गार खोली असेल त्या शेजाऱ्याकडे जाऊन बसावं. यात संकोच करू नये.

रात्री दहाला छताला हात लावून बघा

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे पडली आणि तिचंच लष्कर झालं. तेव्हापासूनच्या वाड्यांना हातभर जाडीच्या दगडी भिंती आणि मधे चौक. त्यांच्या तळमजल्यावर आजही दुपारी बरं वाटतं. हाल वरच्या मजल्यावर होतात. छत दगडी पटियांचं, म्हणजे लांब फरश्यांचं, असो की सिमेंटचा स्लॅब, दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली सोडतो. स्टुलावर उभं राहून रात्री दहाला छताला हात लावलात तर तव्यासारखं तापलेलं लागेल.

यावर सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे गच्चीला पांढरा चुना. चूक होते ती धुळीवरच चुना फासण्यात. पहिल्या आंधीत, म्हणजे धुळीच्या वादळात, त्याच्या खपल्या उडतात. गच्ची आधी घासून धुवा, वाळू द्या, रात्रभर भिजवलेल्या कळीच्या चुन्यात थोडा डिंक मिसळा आणि दोन हात द्या. पांढरेपणाच ऊन परत फेकतो, म्हणून आंधी येऊन गेली की गच्ची झाडायची. संध्याकाळी पाणी शिंपायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर. गच्चीवर पोती अंथरून ती ओली केली तर कमी पाण्यात जास्त वेळ गारवा राहतो.

एसीवाल्यांसाठी थोडक्यात. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. एसी त्याच वेगाने चालतो, फक्त थांबत नाही. २४ ते २६ आणि सोबत हळू पंखा. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. एकाच खोलीत एसी आणि कूलर एकत्र चालवू नका. कूलर पाणी घालतो, एसी ते काढत बसतो.

घर झालं, आता अंग

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेता येत नाही. सकाळी सहालाच दोन बादल्या भरून न्हाणीघरात ठेवा. स्वयंपाक नऊच्या आत आटपा.

तहान लागल्यावर पाणी पिणं ही म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मोठी चूक ठरते, कारण त्यांना तहान उशिरा कळते. मावशीच्या उशाशी आता मी तांब्या ठेवते आणि दर तासाला फोन करते. ताक, कैरीचं पन्हं, सातू, सगळं चांगलं. फार घाम गेला असेल किंवा जुलाब होत असतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नका. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, लघवी होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी किती पाणी प्यायचं हे उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर बाराच्या उन्हात बाजारात जाऊ नका.

माणूस असंबद्ध बोलू लागला, नीट चालेना, अंग भट्टीसारखं तापलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळीही देऊ नका, हा ताप तिने उतरत नाही.

पाऊस पडल्यावर

जून अखेरीस पहिल्या सरी येतात आणि लगेच तक्रार सुरू होते की कालपर्यंत चालणारा कूलर आज बिघडला. हवेतच पाणी भरलेलं असलं की घासातलं पाणी उडत नाही. ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर कितीही महागडा कूलर ३० च्या खाली हवा नेऊ शकत नाही. पंप बंद करा, खिडक्या उघडा आणि नुसता पंखा चालवा. टाकी घासून, घास काढून, पत्रा कोरडा करून कूलर झाकून ठेवा. पन्हळीची भोकं त्याच दिवशी मोकळी करून ठेवलीत तर पुढच्या एप्रिलमध्ये मिस्त्रीच्या दुकानासमोर रांग लावावी लागत नाही.